बारा पिसांची रोजनिशी

बैल घेताना दात पाहतात, घोडा घेताना खूर पाहतात, गाय घेताना कास पाहतात. पाखरू घ्यायला निघालेला मनुष्य मात्र रंग पाहतो, गळा ऐकतो आणि पैसे मोजतो. शेपटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरी आणल्यावर दोन-चार महिन्यांनी ती शेपटी झिजून झाडूसारखी दिसू लागली की मग म्हणावयाचे, पाखरूच हलक्या जातीचे निघाले! गेली वीस वर्षे मी मुनियांच्या कुळातील ही चिमुकली पाखरे पाळीत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की शेपटी जातीविषयी फारसे काही सांगत नाही. ती सांगते ते घराविषयी. पिंजरा केवढा, दाणा कसला, रात्री झोप मिळते की नाही, हे सारे तिच्यावर लिहिलेले असते. वाचणारा हवा, इतकेच.

या पाखरांचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जुना आहे. लाल मुनिया पाहिलेली माणसे आपल्या बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून अजून सापडतील. पावसाळ्यात नराला तांबडा रंग चढतो आणि त्यावर पांढरे ठिपके उमटतात. विणीचा काळ सरला की तो रंग उतरतो आणि नर जवळजवळ मादीसारखा करडा दिसू लागतो. या पाखराचे शास्त्रीय नाव अमांडावा, आणि ते आले आहे अमदावादेवरून. ज्या अमदावादेत पुढे पेशवे आणि गायकवाड यांचा निम्मानिम अंमल चालला, तेच हे शहर. तेथून ही पाखरे सुरतेच्या बंदरी जात आणि जहाजातून विलायतेस पोहोचत. शिवकालाच्या इतिहासात ज्याचे नाव वारंवार येते तो इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७० नंतरच्या दशकात सुरतेस होता. १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने अमदावादेच्या या ठिपकेदार पाखरांची नोंद केली आहे. एकाने सूर धरावा आणि बाकीच्यांनी साथ करावी, असे त्यांचे गाणे त्याला फार आवडले. पण त्याच नोंदीत त्याने एका पिंजऱ्यातील पाखरांची संख्याही दिली आहे: पन्नास! त्या पन्नासांच्या शेपट्या कशा होत्या, हे फ्रायरने लिहिलेले नाही. पाखरे पाळणाऱ्याला ते न लिहिताही दिसते.

आज लाल मुनिया पिंजऱ्यात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले आणि १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावरच बंदी आली. आता घरोघर दिसतात त्या परदेशी कुळातल्या, पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेल्या जाती. त्यांत मुख्य झीब्रा फिंच. तिचे मूळ ऑस्ट्रेलियातील कोरड्या मैदानांत. शेपटीच्या मुळाशी काळेपांढरे पट्टे असतात म्हणून हे नाव पडले. ऑस्ट्रेलियाने १९६० सालीच आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. तेव्हा आपल्या बाजारातील झीब्रा फिंच ही पिंजऱ्यातच जन्मलेली. दुसरी बेंगॉलीज फिंच. नाव बंगालचे, पण ती घडली जपानात. चीनमधून नेलेल्या पांढऱ्या कमरेच्या मुनियेपासून तिकडच्या शौकिनांनी सुमारे अडीचशे वर्षांत ही माणसाळलेली जात तयार केली. त्या मुनियेची रानातली भावंडे आपल्या सह्याद्रीतही आहेत. तिसरी गोल्डियन फिंच, रंगाने इंद्रधनुष्यासारखी. हिच्या शेपटीच्या मध्यावर सुईसारखी दोन लांब पिसे असतात आणि दाटीवाटीत पहिली तीच मोडतात.

आता शेपटीविषयी. या पाखरांच्या शेपटीत बारा पिसे असतात, सहा उजवीकडे आणि सहा डावीकडे. उडताना तोल सांभाळणे, वळणे आणि दांडीवर उतरताना वेग आवरणे ही त्यांची कामे. प्रत्येक पिसाला मधला दांडा, दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू, आणि त्या तंतूंना इतके बारीक आकडे की एक तंतू दुसऱ्यात अडकून सबंध पान तयार होते. पाखरू दिवसभर चोचीने पिसे विंचरीत असते ते हे सुटलेले आकडे पुन्हा अडकविण्यासाठी. शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला तेलाची एक गाठ असते. तिला चोच लावून ते तेल पिसांना चोळले जाते. आपल्याकडे सकाळी वेणीफणी असते, तशीच ही.

पीस ज्या द्रव्याचे बनते तेच आपल्या नखांत आणि केसांत असते. एकदा वाढ पुरी झाली की पीस निर्जीव होते. नख तुटले तर मागून वाढत राहते. पिसाचे तसे नाही. म्हणून पाळणाऱ्याने एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. मुळासकट उपटलेले पीस लगेच नव्याने फुटू लागते आणि महिना-दीड महिन्यात पुरे होते. मधूनच मोडलेले पीस मात्र तसेच राहते. त्याचा बुंधा खाचेत बसलेला असतो, आणि पाखराची पिसे गाळण्याची वेळ येईपर्यंत तो जागा सोडीत नाही. तोवर कितीही औषधपाणी केले तरी ते वाढावयाचे नाही.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. वाढ पुरी झालेले शेपटीचे पीस तिरप्या उजेडात धरले तर त्यावर आडव्या, एकाआड एक फिक्या आणि गडद अशा पट्ट्या दिसतात. एक फिकी आणि एक गडद मिळून एक अहोरात्र. ज्या दिवशी पाखराचे पोट भरले त्या दिवसाची जोडी रुंद, उपासमारीच्या दिवसाची अरुंद. १९८९ साली अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ थॉमस ग्रब यांनी या पट्ट्या मोजून पक्ष्याची खाण्यापिण्याची स्थिती ओळखण्याची पद्धत मांडली, आणि तिच्यासाठी त्यांनी शेपटीचेच पीस निवडले. पण शास्त्रज्ञांच्या आधी ही लिपी थोडीफार वाचली होती ती बाजदारांनी. वाढत्या पिसावर भुकेच्या किंवा भीतीच्या दिवसाची एक पारदर्शक, दुबळी रेघ राहते, आणि पुढे पीस नेमके त्याच रेघेवर मोडते, हे त्यांना ठाऊक होते. विलायतेतील बाजदार तिला भुकेची खूण म्हणत. मोडलेल्या पिसाच्या बुंध्यात बारीक सळई घालून त्यावर जुने गळलेले पीस जोडण्याची कलाही या मंडळींजवळ होती. आपल्या शेजारच्या भावनगरचे धर्मकुमारसिंहजी, ज्यांचा सौराष्ट्रातील पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९५५ साली निघाला, ते पक्ष्यांचे अभ्यासक तसेच हौशी बाजदारही होते. शिकारी ससाण्याची शेपटी मोडली तर शिकार गेली. म्हणून बाजदाराची नजर नेहमी पिसांवर असे. आपल्या छोट्या पाखरांपासून आपल्याला शिकार नको असते, म्हणूनच की काय, ही नजर आपल्यात आली नाही.

ही नजर असली तर काय होते, याची एक हकीकत सांगतो. आमच्या वाड्यात एक काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा पुण्याला. एकटेपणात सोबत म्हणून मुलाने झीब्रा फिंचची एक जोडी आणून दिली. काकूंच्या सासऱ्यांचा पितळी घुमटाचा पिंजरा माळ्यावर होता. चिंच लावून, घासून तो लखलखीत केला आणि पाखरे त्यात घातली. आत अंडी घालण्यासाठी नारळाची करवंटीही टांगली. चार महिन्यांत नराची शेपटी निम्म्यावर आली आणि मादीच्या शेपटीच्या जागी नुसता बुंधा राहिला. काकू मला म्हणाल्या, “अरे, हीपण माझ्यासारखीच झाली बघ. वय झालं. येत्या एकादशीला सोडून देते झाडावर, तेवढंच पुण्य.”

मी त्यांना हात जोडून थांबविले. पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी पाखराला बाहेर दाणा कोठे शोधावा ते कळत नाही. त्यात शेपटी नाही, म्हणजे वळता येत नाही. पहिल्या कावळ्याने ते पुण्य उचलून नेले असते. पाखरांचे वयही झाले नव्हते. दोन्ही वर्षाच्या आतली होती.

दोन सकाळी मी पिंजऱ्यासमोर नुसता बसून राहिलो. तेव्हा कळले की दुखणी दोन आहेत. घुमटाचा पिंजरा दिसायला देखणा, पण आत हातभर जागा नाही. एकच दांडी, तीही भिंतीलगत. नर वळला की प्रत्येक वेळी शेपटी गजांवर खसकन घासली जाई. असे दिवसातून शेकडो वेळा. त्याची पिसे मोडली होती. मादीची मात्र उपटली होती, आणि उपटणारा नरच होता! झीब्रा फिंचचा नर घरट्यासाठी सामान आणून देतो, आणि आत अंथरायला पिसे त्याला विशेष प्रिय. करवंटी तर दिली, पण गवताची काडी दिली नाही. मग बिचाऱ्याने बायकोच्याच शेपटीचे सामान केले. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, “संसार तो, दुसरं काय!”

उपाय घरातच सापडला. काकूंच्या स्वयंपाकघरात दुधदुभत्याचे जुने जाळीचे कपाट रिकामे पडले होते. सुताराला बोलावून ते आडवे केले, गंजलेली जाळी काढून नवी ठोकली आणि ती व्हिनेगरने घासून धुतली, कारण नव्या जाळीवरचे जस्त पाखरांच्या पोटात गेले तर विषारी ठरते. आता पाखरांना तीन हात लांबी मिळाली. दोन दांड्या, दोन टोकांना, जाळीपासून चांगल्या चार-चार बोटांवर, म्हणजे बसल्या जागी वळले तरी शेपटी कशाला लागू नये आणि इकडून तिकडे जायला उडावेच लागावे. घरट्यासाठी वाळके गवत आणि बोटभर लांबीचा कापलेला काथ्या. लांब ठेवला तर पायाला गुंडाळून पाय जायबंदी होतो.

राहिले खाणे. काकू त्यांना राळे देत होत्या, आणि फक्त राळे. नुसत्या धान्यावर पीस धड वाढत नाही, कारण पिसाला लागते ते प्रथिन, आणि तेही ठराविक प्रकारचे. मोड आलेले राळे आणि वरी, कोथिंबीर, समुद्रफेसाचा तुकडा, एवढे त्यांनी आनंदाने मान्य केले. उकडलेल्या अंड्याचे नाव काढताच मात्र चेहरा बदलला. शेवटी तडजोड अशी ठरली की अंडे आमच्या घरी उकडावयाचे, आमच्याच वाटीत कुस्करावयाचे, आणि वाटी पिंजऱ्यात ठेवण्यास व काढण्यास मी जावयाचे. पाखरांना सोवळे-ओवळे नव्हते. त्यांनी ती वाटी पहिल्याच दिवशी साफ केली.

हा बदल झाला तेव्हा शिमगा नुकताच उलटला होता. रामनवमीच्या सुमारास मादीच्या बुंध्यावर निळसर कोंब दिसू लागले. नव्या पिसाच्या नळीत रक्त असते आणि ती मोडली तर रक्त वाहते. म्हणून त्या दिवसांत पाखराला हातात धरू नये. वैशाख लागला तेव्हा तिची शेपटी पुरी झाली होती. नराचे मात्र काहीच हलेना. काकू रोज विचारीत, मी रोज सांगे, त्याची मोडलेली आहेत, वाट पाहावी लागेल. झीब्रा फिंच पिसे एकदम गाळीत नाही. एकेक जोडी, सावकाश, महिनोन्महिने. आषाढात मधली दोन नवी आली, मग त्यांच्या शेजारची. गणपती बसले तेव्हा बारा भरली. काकूंनी चष्मा लावून ती मोजली आणि म्हणाल्या, “म्हणजे वय नव्हतं झालं. जागा नव्हती.”

प्रत्येक बिघडलेल्या शेपटीमागे पिंजराच असतो असे मात्र नव्हे. तेव्हा ज्यांच्या घरी अशी पाखरे आहेत त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी.

सकाळी पाहावे तो सबंध शेपटी दांडीखाली पडलेली आणि पाखरू ठणठणीत, असे झाले तर घाबरू नये. मांजर, पाल किंवा मोठा आवाज यांनी भ्यालेले पाखरू शेपटीची पिसे एकदम टाकून देते. शत्रूच्या तोंडात पिसे राहावी आणि जीव वाचावा, अशी ती योजना. मुळासकट गेल्यामुळे ती परत येतात. भीती कोठून आली ते शोधावे. आपल्याकडे उत्तरायणाच्या दोन दिवसांत गच्चीवरचा गोंगाट आणि दिवाळीतले फटाके हे नेहमीचे कारण. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि रात्री एक मंद दिवा ठेवावा. काळोखात बिथरलेले पाखरू गजांवर आपटून पिसेच काय, मानही मोडून घेते.

पिसे उजेडात धरली असता टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली, तर पिसे कुरतडणाऱ्या उवा आहेत असे समजावे. दुसरे एक बारीक लाल किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. त्यांची परीक्षा सोपी: रात्री पिंजऱ्यावर पांढरे फडके घालावे आणि पहाटे उलटून पाहावे, लाल ठिपके चालताना दिसतील. औषध मात्र पशुवैद्याला विचारूनच घ्यावे. बारा ग्रॅम वजनाच्या जीवाला कोंबडीचे औषध अंदाजाने देणे म्हणजे ते मारणेच होय.

मादीची शेपटी एका बाजूला वाकडी दिसली तर बहुधा ती घरट्यात बसत असते. ते दुखणे नव्हे. बशीभर पाणी ठेवावे. आंघोळ होऊन पिसे वाळली की वाक बराचसा जातो. खरे म्हणजे बशी रोजच ठेवावी. नव्या पाण्यात ही पाखरे किती आनंदाने डुंबतात ते पाहण्यासारखे असते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेपटी पूर्ण आहे, पिसे सुंदर आहेत, पण पाखरू स्वस्थ बसले असताना श्वासागणिक शेपटी वरखाली होते आहे, तर ते फुप्फुसाचे किंवा श्वासनलिकेचे दुखणे. मादी अंग फुगवून तळाशी बसली आहे आणि शेपटी खाली ओढली आहे, तर अंडे अडले आहे. शेपटीखाली विष्ठा चिकटून राहिली आहे, तर पोट बिघडले आहे. या तिन्ही वेळी उद्यावर टाकू नये. इतका लहान जीव दुखणे शेवटपर्यंत लपवितो आणि दिसू लागते तेव्हा त्याच्याजवळ तासच उरलेले असतात. उबेत ठेवून ताबडतोब वैद्य गाठावा.

मुलांना गळलेली पिसे वहीत ठेवण्याची आवड असते. आम्हीही ठेवीत असू. ठेवू द्यावी. पण पान मिटण्यापूर्वी मुलाला खिडकीशी नेऊन ते पीस उजेडात तिरके धरावयास सांगावे आणि त्यावरच्या पट्ट्या दाखवाव्या. कोठे रुंद आहेत, कोठे अरुंद, कोठे एखादी पारदर्शक रेघ आहे का, हे त्यालाच शोधू द्यावे. अशी रेघ सापडली तर ते दिवस कोणते असतील याचा हिशेब त्याने करावा: आपण गावाला गेलो होतो आणि दाणा शेजाऱ्यांवर सोपविला होता ते, की पिंजरा आठ दिवस गच्चीत राहिला होता ते. माझ्या अनुभवाप्रमाणे, ही रोजनिशी एकदा वाचावयास शिकलेले मूल पाण्याची वाटी भरावयास पुन्हा विसरत नाही.